धाराशिवच्या बायकांच्या गटाकडून वर्षाचं कोरडवाहू धान्य: ज्वारी, तूरडाळ, हुलगा, करडई तेल, सगळ्याचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधी निकाल सांगून टाकते: घ्या. ज्वारी आणि हुलगा (म्हणजे कुळीथ) बिनधास्त घ्या, तूरडाळ घ्या पण शिजायला थोडा वेळ लागतो हे धरून चाला, करडईचं तेल मात्र आधी अर्धा लिटरच मागवा आणि घरच्यांना त्याचा वास चालतो का ते बघा. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

हा गट धाराशिव जिल्ह्यातला, तुळजापूर-नळदुर्ग पट्ट्यातला. विसेक बायका आहेत, कोणाची दोन एकर कोणाची चार, आणि विहीर असली तरी उन्हाळा लागला की तळ दिसतो अशी सगळी कोरडवाहू शेती. पुण्यात एका धान्य महोत्सवात त्यांचा स्टॉल होता तिथं ओळख झाली आणि तेव्हापासून आमच्या घरी वर्षाची ज्वारी त्यांच्याकडूनच येते, आता माझ्या जावेनं आणि सोसायटीतल्या तीन-चार घरांनी पण सुरू केलंय. गटाचं नाव आणि नंबर इथं मुद्दाम टाकत नाहीये, कारण त्यांच्याकडे विकायला निघणारा माल मोजका असतो, घरचं खाऊन उरलेला, आणि तो जुन्या गिऱ्हाइकांनाच पुरत नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू अशा पद्धतीनं पिकवलेल्या धान्याचा म्हणून वाचा. असे गट आता सोलापूर, लातूर, बीड सगळीकडे आहेत, घेताना काय विचारायचं ते शेवटी लिहिलंय.

ज्वारीपासून सुरुवात करते कारण खरी परीक्षा तिचीच असते. आमच्या सासूबाई बार्शीच्या, आणि पुण्यात आल्यापासून त्यांची एकच तक्रार असायची की दुकानातल्या पिठाला विरीच (म्हणजे चिकटपणाच) नाही, थापायला घेतली की भाकरी कडेनं चिरते, उचलायला गेलं की मोडते, मग उकळतं पाणी घालून कसंतरी भागवायचं. या ज्वारीचं पीठ साध्या पाण्यात मळलं तरी थापता येतं, हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाहीये, आमच्याकडे आता उकड काढायची पद्धतच बंद झालीये. भाकरी टम्म फुगते, पापुद्रा अख्खा सुटतो आणि सकाळची भाकरी डब्यात दुपारी पण मऊ असते. चवीला किंचित गोडसर. दाणा टपोरा, पांढरा, थोडी पिवळसर झाक आणि चकाकी. बहुतेक मालदांडी जातीची असते आणि थोडी दगडी जातीची, दगडीचा दाणा जरा कठीण, तिची भाकरी खरपूस लागते, मला वैयक्तिक दगडीच जास्त आवडते पण ती अगदी थोडी येते.

हा फरक का पडतो ते आधी मलाही नीट माहीत नव्हतं, त्या बायकांनी समजावलं. रब्बीची ज्वारी पेरायची हस्त नक्षत्राच्या आगेमागे, सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य, आणि त्यानंतर पाऊस जवळजवळ नाहीच, पीक सगळं उभं राहतं ते काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर. कणीस भरतं ते थंडीत, कोरड्या हवेत, त्यामुळे दाण्यावर पावसाचा थेंब पडत नाही आणि दाणा स्वच्छ राहतो. खरिपाची हायब्रीड ज्वारी परतीच्या पावसात सापडली की बुरशी येऊन काळी पडते, म्हणूनच ती हळूहळू माणसांच्या ताटातून कोंबड्यांच्या खाद्याकडे आणि कारखान्यांकडे गेली आणि खरिपात तिची जागा सोयाबीननं घेतली. मालदांडी म्हणजे मालदांडी ३५-१, ही सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात तिथल्याच गावरान ज्वारीतून निवडून काढलेली जात, म्हणजे नव्वद वर्षं होत आली आणि अजून रब्बीत तिच्या चवीला तोड नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. आमच्या गटाची ज्वारी मंगळवेढ्याची नाही, पण तशीच काळी जमीन आणि तशीच ओलीवरची शेती.

आता भाव. आम्हाला ज्वारी घरपोच किलोला सत्तर रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा पंधरा-वीस रुपये जास्त. पहिल्यांदा ऐकल्यावर मिस्टर म्हणाले एवढं कशाला. पण हा आकडा बघा: २०२५-२६ चा ज्वारीचा हमीभाव हायब्रीडला क्विंटलला ३६९९ रुपये आणि मालदांडीला ३७४९. फरक फक्त ५० रुपये क्विंटलला, म्हणजे किलोला आठ आणे! आणि कष्टातला फरक किती आहे ते बघायचं असेल तर काढणीला जाऊन या. रब्बीची ज्वारी आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी मुळासकट उपटून काढतात, पुरुषभर उंच ताट, जमीन वाळून घट्ट झालेली, दिवसभर उपटून हाताची सालटी निघतात, मग पेंढ्या बांधा, कणसं खुडा, मळणी करा. म्हणून गावात ज्वारी काढायला माणूस मिळत नाही आणि माणूस मिळत नाही म्हणून लोक ज्वारी पेरत नाहीत. जो कोणी एवढं करून ज्वारी पिकवतोय त्याला किलोमागे पंधरा रुपये जास्त द्यायला मला अजिबात जड जात नाही, उलट मला तरी हा भाव कमीच वाटतो.

गेल्या डिसेंबरात येळवसेला त्यांच्याकडे गेलो होतो, त्यांनीच बोलावलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली, लातूर-धाराशिव-सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकात करतात, अख्खं गाव शेतात असतं, उभ्या ज्वारीत कडब्याची कोप (खोपटी) करून तिथं पूजा आणि मग भज्जी, उंडे, आंबील. जेवणाबद्दल वेगळं लिहायला पाहिजे खरं तर, ती भज्जी म्हणजे तूर, हरभरा, वाल, वाटाणा असं शेतात जे ओलं मिळेल ते सगळं एकत्र करून बेसन लावून केलेली पातळ भाजी, आणि ती खाल्ल्यावर मला त्यांच्या शेतीचा हिशोब निम्मा कळला, कारण भज्जीत जे जे होतं ते सगळं त्याच एक एकरात उभं होतं.

एक एकर हे मुद्दाम लिहितेय. त्या भागात एक एकर मॉडेल म्हणून जे चालतं ते असं की घरच्या जमिनीतला एक एकर, कधी अर्धाच, बाईनं नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून मागून घ्यायचा आणि त्यात काय पेरायचं हे तिनं ठरवायचं. बाकी जमिनीत घरचे पुरुष सोयाबीन लावोत नाहीतर आणखी काही. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं हे काम धाराशिव-लातूरमध्ये मोठ्या प्रमाणात उभं केलं. प्रेमा गोपालन यांनी सुरू केलेली ती संस्था, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावोगावच्या बायकांना घरबांधणीच्या कामात उतरवलं त्यातून ती वाढत गेली, आणि २०१६ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मी ज्यांच्याकडून घेते त्या बायका कोणत्या संस्थेच्या म्हणून नाहीत, शेजारच्या गावातल्या बायकांचं बघून यांनी स्वतः सुरू केलं. आधी फक्त घरी खायला. विकायचं डोक्यातच नव्हतं, दुष्काळात दुकानातून डाळ आणायला पैसे नव्हते म्हणून डाळ पेरली, इतकं सरळ.

त्या एकरात खरिपाला काय काय होतं ते ऐकून मी मोबाईलमध्ये लिहून घेतलं: तूर, मूग, उडीद, बाजरी, मटकी, हुलगा, तीळ, कारळ, अंबाडी, कडेनं भेंडी-गवार-दोडका, चवळीचे वेल. बाजरीच्या दोन ओळी आणि तुरीची एक असं चालतं, आणि हे काही त्यांनी हवेतून काढलेलं नाही, कोरडवाहूसाठी कृषी विद्यापीठाची पण दोनास एक हीच शिफारस आहे. बाजरी लवकर निघते, तोवर तूर सावकाश वाढत असते, आणि बाजरी निघाली की मोकळी झालेली जागा आणि खालची ओल तुरीला. तुरीचं मूळ खोल जातं, बाजरीचं वरच्या थरात पसरतं, म्हणजे दोघींचं पाण्यावरून भांडण होत नाही. शिवाय तुरीचा पाला गळून जमिनीला मिळतो. मूग-उडीद साठ-सत्तर दिवसांत निघून जातं आणि हातात पहिले पैसे येतात, पोळ्याच्या सुमाराला घरात पैसा लागतोच. मी विचारलं एवढी पिकं सांभाळायला जड जात नाही का, तर एक मावशी म्हणाल्या, "आवं ताई, एखांदं न्हाई आलं तर दुसरं येतंय की, समदं कसं बुडंल?" साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही कधी जूनमध्ये दडी मारणार कधी सप्टेंबरात एका रात्रीत कोसळणार, अशा ठिकाणी याच्याइतका चांगला विमा मला तरी दुसरा माहीत नाही. तेलंगणात झहीराबादकडे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या दलित बायका तर वर्षानुवर्षं एकाच रानात वीस-पंचवीस प्रकारचं धान्य घेतायत, त्यांना २०१९ मध्ये तोच इक्वेटर पुरस्कार मिळाला, आणि ते गाव काही लांब नाही, उदगीर-बिदरच्या पलीकडेच.

पाण्याचं सगळ्यात जास्त शिकले ते ज्वारीच्या रानात. पावसाळ्यात रान मोकळं असतं तेव्हा त्यात चौकोनी वाफे पाडून ठेवतात, उताराला आडवे, म्हणजे पडलेलं पाणी जागच्या जागी मुरतं. मग पेरणी, आणि मग कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधून कोळपं नावाचं अवजार फिरवणं. काळी जमीन वाळली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून ओल उडून जाते, कोळपं फिरवलं की भेगा बुजतात आणि वर भुसभुशीत मातीचा थर बसतो, त्यानं ओल कोंडून राहते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं म्हणतात ते उगाच नाही. तीन आठवड्यांनी पहिली, पाच आठवड्यांनी दुसरी, आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्यानं तिसरी, हीच शिफारस विद्यापीठाची आणि हेच त्यांचं. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र १९३३ पासून आहे, म्हणजे हे ज्ञान आपल्याच भागात इतकी वर्षं पडून आहे, आणि आपण मात्र शेतीचा प्रश्न म्हटलं की धरण आणि कालवा याच्यापलीकडे बोलत नाही. माणसांना प्यायला पाणी नाही म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता, याचा मला अजून राग येतो. तुमच्या ताटातली अशा कोरडवाहू ज्वारीची एक भाकरी भूगर्भातल्या पाण्याला हात न लावता आलेली असते हे लक्षात घ्या.

खताचं विचारलं. शेणखत मुख्य, आणि उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं रानात बसवतात, रात्रभर मेंढरं बसली की लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर, त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे. गांडूळ खताचे बेड घराशेजारी. जीवामृत करतात, २०० लिटरच्या ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. फवारणीला निंबोळी अर्क, १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी, निंबोळ्या पावसाच्या सुरुवातीला लेकरं गोळा करतात. दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, पण असतो, पण त्यांनीच सांगितलं की तुरीवर अळी जोरात आली की दशपर्णीनं भागत नाही, नुकसान होतं, काही जणी सकाळी तुरीची झाडं हलवून अळ्या खाली पाडतात आणि कोंबड्या सोडतात. मला हे प्रामाणिक सांगणं फार आवडलं. जीवामृत टाकलं की सगळं आपोआप होतं असं जे मोबाईलवर फिरत असतं तसं त्यांच्यातली एकही बाई बोलली नाही. त्यांचा भर मातीवर आणि पिकांच्या मिसळीवर आहे, ड्रम त्याच्या मागे. आणि बियाणं. ज्वारी, हुलगा, मटकी, वाल यांचं बी घरचंच, निवडून राखेत घालून ठेवलेलं. तुरीचं मात्र बदनापूरच्या केंद्राचं बीडीएन ७११ पण लावतात, पांढरी तूर, लवकर येते म्हणून शेवटी ओल संपायच्या आत हाताशी लागते. गावरानच पाहिजे असा हट्ट नाही, ज्याचं बी पुढच्या वर्षी स्वतःला ठेवता येतं ते चालतं, हा त्यांचा नियम मला अगदी पटला.

परत मालाकडे येते. तूरडाळ पॉलिश नसल्यामुळे दिसायला मळकट, आकार एकसारखा नाही, काही दाण्यांना टरफल चिकटलेलं. कुकरला एक-दोन शिट्ट्या जास्त लागतात, आधी अर्धा तास भिजवली तर नाही लागत. वरण घट्ट आणि गोड होतं, फोडणी न देता नुसतं हिंग-मीठ-तूप घालून खा म्हणजे कळेल. मूगडाळ ठीक, विशेष काही नाही.

हुलगा पण सांगायलाच पाहिजे. पुण्या-मुंबईत हुलगा म्हटलं की लोकांना कोकणातलं कुळथाचं पिठलं आठवतं, तेही छान, पण शेंगोळे केलेत का? हुलग्याच्या पिठात लसूण-जिरं-तिखट घालून घट्ट मळायचं, बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि फोडणीच्या पाण्यात शिजवायच्या, थंडीत याच्यासारखं काही नाही. आजारपणात हुलग्याचं माडगं. यांचा हुलगा लालसर-तपकिरी, बारीक, भाजला की घरभर वास. आणि हे पीक असं की हलक्या, मुरमाड, दुसरं काही येत नाही अशा जमिनीत येतं, पाऊस तोडला तरी तग धरतं. बाजारात त्याला विचारत नाहीत म्हणून पेरा कमी होत चाललाय. म्हणून माझी खरंच कळकळीची विनंती, यादीत हुलगा असेल तर किलोभर तरी घ्याच. तुम्ही घेतलात तर त्या पुढच्या वर्षी जास्त पेरतील, इतका सरळ संबंध आहे हा.

करडईचं तेल लाकडी घाण्याचं. करडई ज्वारीच्या रानात कडेनं आणि मध्ये पट्ट्यांनी लावतात, काटेरी असल्यामुळे गुरं आत घुसत नाहीत, आणि मूळ खोल जातं म्हणून ज्वारीनं सोडलेली ओल पण तिला पुरते. काट्यांमुळेच काढायला कोणी तयार होत नाही, म्हणून तेल महाग. तळाला गाळ बसतो, बाटली हलवू नका. वास मला आवडतो, माझ्या मुलाला नाही आवडत. भाजीला उत्तम, शेंगदाण्याच्या चटणीवर कच्चं घ्यायला उत्तम, तळणाला मी वापरत नाही, एवढं महाग तेल तळणात घालवायचं नाही म्हणून.

आता अर्धा स्टार का कापला. पहिलं म्हणजे सफाई. ज्वारीत खडे निघतात, पोत्यामागे मूठभर तरी, काडीकचरा पण असतो. निवडायला वेळ काढावा लागतो आणि ज्यांच्या घरी निवडणारं कोणी नाही त्यांना हे खरंच जड जाईल. मी त्यांना सांगितलंय की चाळणी यंत्र मिळेपर्यंत निवडलेली ज्वारी किलोला पाच रुपये जास्त लावून वेगळी द्या, लोक घेतील, आणि ते पैसे निवडणाऱ्या बाईला जाऊ देत. दुसरं पॅकिंग. डाळी साध्या पिशवीत येतात, एकदा पिशवी फुटून मूग आणि तूर एक झालं होतं. तिसरं वेळ. माल ट्रान्सपोर्टनं येतो, येणार म्हटल्या तारखेला येत नाही, आणि सुगीच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर यायला दोन-दोन दिवस लागतात. त्याचा मला राग नाही, त्या रानात असतात, पण नवीन माणसानं हे धरूनच ऑर्डर द्यावी, घरातला डबा रिकामा झाल्यावर मागवाल तर अडकाल.

सर्टिफिकेटचं पण लिहिते कारण कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच. यांच्याकडे कंपनीचं ऑरगॅनिक सर्टिफिकेट नाही, दोन-चार एकरवाल्याला तो खर्च झेपत नाही. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनीच गटानं एकमेकांची शेतं तपासायची आणि हमी द्यायची अशी सरकारमान्य पद्धत आहे, त्यात नोंदणी करायचं त्यांचं चाललंय. शेजारच्या सोयाबीनवर फवारणी झाली की वाऱ्यानं थोडं इकडे येतं हे त्या स्वतःहून सांगतात, म्हणून त्या बाजूला दोन-तीन ओळी बाजरी किंवा अंबाडी दाट लावतात. कागदावरच्या शिक्क्यापेक्षा माझा या बोलण्यावर जास्त विश्वास बसला. ज्यांना शिक्का हवाच आहे त्यांनी दुसरीकडे बघावं.

आणि यंदाचं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी टीव्हीवर बघितलाय, परांडा-भूमकडे आणि सीना नदीकाठी तर गावंच्या गावं पाण्यात. या गटातल्या बायकांचं सोयाबीन बहुतेक सगळं गेलं, मूग-उडीद काढायला आलेलं कुजलं, ओढ्याकाठच्या दोघींची तर माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. ती माती परत यायला किती वर्षं लागतील कोण सांगणार. पण उंचवट्यावरची तूर राहिली, बाजरी थोडी वाचली, हुलगा तर जवळजवळ पूर्ण हाताला लागला कारण तो माळावरच्या निचऱ्याच्या जमिनीत होता. वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, यायलाच ऑक्टोबर उलटत आला, त्यामुळे ज्वारीची पेरणी उशिरा झाली. येळवसेला गेलो तेव्हा एका रानात ज्वारी गुडघ्याला आणि शेजारच्या रानात कमरेला असं दिसत होतं.

हे सांगायचं कारण असं की आम्ही गिऱ्हाइकांनी ज्वारीचे निम्मे पैसे पेरणीच्या वेळीच आगाऊ दिले होते, दरवर्षीच देतो. यंदा त्यांनी आपणहून ग्रुपवर लिहिलं की ज्वारी कमी निघेल, कोणाला पैसे परत पाहिजेत तर सांगा, नाहीतर त्या बदल्यात हुलगा आणि तूरडाळ देऊ. आमच्यापैकी कोणीच पैसे परत मागितले नाहीत. वर ज्या दोघींची माती गेली त्यांना बाकीच्या बायकांनी गटाच्या बचतीतून शेणखताला पैसे दिले. अडचण आधी सांगणारा आणि पैसे परत देतो म्हणणारा दुकानदार मला पुण्यात फारसा भेटलेला नाही.

त्यांच्यातल्या फार थोड्या जणींच्या नावावर जमीन आहे हे मात्र मनाला लागलं. राबायचं तिनं, बी निवडायचं तिनं, आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर, मग पीक कर्ज नाही, नुकसानभरपाईचे पैसे आले तरी खातं त्याचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करा म्हणून, तेव्हा हजारो घरांनी केलं होतं. ते पुढं का थांबलं? या गटात एका बाईनं मात्र तो एकर स्वतःच्या नावावर करून घेतलाय आणि त्यांनी मला उतारा काढून दाखवला, मोबाईलमध्ये फोटो ठेवलाय त्यांनी त्याचा.

तुम्हाला तुमच्या जवळचा गट शोधायचा असेल तर जिल्ह्याच्या धान्य महोत्सवात जा, बचत गटांची प्रदर्शनं भरतात तिथं जा, कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि एवढं नक्की विचारा: ज्वारीबरोबर रानात आणखी काय होतं, बी कुठलं, ज्वारी कोणत्या महिन्यात काढली, पैसे कोणाच्या खात्यात जाणार. ज्वारीशिवाय रानात दुसरं काहीच नव्हतं असं उत्तर आलं तर तो माल चांगला असेलही पण मी जे सांगतेय ती शेती ती नव्हे. काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चला, यंदा उशिरा, म्हणून ऑर्डर आत्ताच नोंदवा आणि माल एप्रिलच्या आत येईल असं धरू नका. आल्यावर ज्वारी दोन दिवस कडक उन्हात द्या, गार झाली की कडुलिंबाचा सुकलेला पाला थराथरानं घालून कोठीत भरा, दळताना आठ-दहा दिवसांपुरतीच दळा. डाळींना एरंडेलाचा हात लावा. हुलग्याला यातलं काही केलं नाही तरी आमच्याकडे तो वर्षभर टिकतो.